अर्बाबच्या आईची सुरमेदाणी

जुन्या बंदुकांमधलं मला फारसं कळत नाही. बंदुकांबरोबर जे येतं ते कळतं. खांद्याचे पट्टे, काडतुसांचे कमरबंद, संगिनींची म्यानं, तेलाच्या बाटल्या. ओमानमधल्या नोकरीत लागलेला हा नाद. बंदुकीला परवाना लागतो, पट्ट्याला लागत नाही, एवढंच त्यामागचं तत्त्वज्ञान. हौशी संग्राहक मला वस्तू दाखवतात. मी आधी खरी की खोटी ते सांगतो, मग किंमत. बहुतेकांना फक्त दुसरं ऐकायचं असतं.

गेल्या हिवाळ्यात असाच ओमानमधल्याच इब्री गावी गेलो. तिथे माझ्या एका रत्नागिरीकर मित्राचं हार्डवेअरचं दुकान आहे. दुकान ज्याच्या नावावर, त्या ओमानी मालकाने, म्हणजे अर्बाबने, आपल्या मजलिसमध्ये, पाहुण्यांच्या बैठकीत, छोटं संग्रहालय मांडलं होतं आणि त्याच दुपारी मस्कतहून एक बडा संग्राहक ते बघायला येणार होता.

"गोड बोल," मित्राने गाडीतच बजावलं. "तुझी ती चिरफाड नको. मला इथे अजून दुकान चालवायचंय, भाऊ."

मजलिसमध्ये काचेच्या कपाटांत दिवे सोडले होते. चांदीच्या तारांच्या कमरबंदाची शिवण मशीनची होती. एका ढालीचा सोनेरी रंग इतका ताजा दिसत होता, की मी हात पाठीमागे बांधून घेतले. मधोमध मात्र अर्बाबच्या वडिलांची थ्री-नॉट-थ्री होती, आणि ती अस्सल होती. तिच्या लाकडी दस्त्याला मागच्या बाजूने एक पितळी झडप असते. आत नळी साफ करायची दोरी आणि बोटाएवढी तेलाची बाटली राहते. मी झडप उघडली. दोरी होती, बाटली नव्हती.

"ती आईकडे आहे," अर्बाब ओशाळून म्हणाला. "सुरमा ठेवते त्यात. मागितली तर देत नाही. तुम्ही तज्ज्ञ आहात, तुम्ही सांगा तिला, ती बंदुकीची आहे म्हणून."

आई आली. भिंतीला टेकून बसली आणि मूठ उघडून माझ्यापुढे धरली. "बघ. पण सांडू नकोस."

बाटलीच्या बुडाशी कारखान्याचा ठसा होता, झिजलेला, पण नखाला लागणारा. झाकणाला आतून तेलाचा बारीक चमचा असतो; सुरमा काढून काढून त्याची कड गुळगुळीत झाली होती. झाकणाखालची चामड्याची चकती तेवढी नवी होती.

"वहाणेची आहे," म्हातारी म्हणाली. "झिजली की मीच कापून बसवते. यात याच्या बापाचं तेल असायचं. लढाईहून शेवटचा परत आला तेव्हा बंदूक टांगली आणि ही मला दिली. म्हणाला, आता तू काय हवं ते भर."

"खरी आहे?" अर्बाबने विचारलं.

"खरी आहे. खरं तर या खोलीत..." मित्राने माझा पाय दाबला. "खरी आहे."

"किंमत?"

"धुतलीत तर मस्कतच्या बऱ्या हॉटेलातल्या जेवणाएवढी. अशा बाटल्या रग्गड निघाल्या. नाही धुतलीत तर ती सुरमेदाणी आहे. सुरमेदाण्यांचे भाव मला ठाऊक नाहीत."

अर्बाबचं समाधान झालं नाही. बंदूक पूर्ण दिसायला हवी, हा त्याचा हट्ट. शेवटी म्हातारीनेच तोड काढली: पाहुणा असेपर्यंत बाटली दस्त्यात ठेवायची. "पण मगरिबच्या नमाजाआधी परत. मला लग्नाला जायचंय."

पाहुणा आला. कडक इस्त्रीचा पांढराशुभ्र पायघोळ दिशदाशा, कमरेला चांदीचा खंजर, मागे फोटो काढायला एक माणूस. ढालीपाशी तो ढालीचा इतिहास बोलला, कमरबंदापाशी कमरबंदाचा. बंदुकीपाशी येऊन त्याने झडप उघडली, बाटली काढली, झाकण फिरवलं. काळी भुकटी त्याच्या बाहीवर सांडली.

"बारूद," तो आवाज खाली आणून म्हणाला. "लढाईतली."

या बंदुकीत तयार काडतूस जातं, सुटी बारूद नव्हे. पण मला गोड बोलायचं होतं, म्हणून मी एक खजूर तोंडात टाकला.

"बंदूक मी घेतो," पाहुणा म्हणाला. "ही बाटली आतल्या बारूदसकट हवी. किंमत तुम्ही सांगा."

अर्बाब बाटलीकडे बघत राहिला. इतका वेळ, की कॉफी ओतणाराही थांबला.

आतल्या दारातून आवाज आला. "झालं का रे? गाडी येऊन थांबलीय."

अर्बाब उठला. त्याने पाहुण्याच्या हातातून बाटली घेतली, झाकण लावलं, आपल्याच बाहीला पुसली. "बारूद नाही," तो म्हणाला, "माझ्या आईचा सुरमा आहे." आणि आत देऊन आला.

पाहुण्याने आपली बाही पाहिली. कॉफीचा दुसरा पेला न घेता तो निघाला. थोड्या वेळाने म्हातारीही डोळे काळेभोर करून गाडीत बसली.

अर्बाबने रिकाम्या दस्त्याची झडप लावली आणि आमच्यापाशी येऊन बसला. "आता कमरबंदाचंही सांगा," तो म्हणाला.

मित्राने डोळे मिटून घेतले.

"शिवण मशीनची आहे," मी म्हणालो. "पण काम सुबक आहे."