तुळशीदासचं पाय दुमडणारं विमान

जामसरच्या तुळशीदासला कुणी काही काम सांगितलं तर तो नाही म्हणत नाही, आणि वेळेवर करतही नाही. मोखाड्याच्या एका शाळेत तो कारकून. सकाळी जीपमध्ये कोंबून जायचं, संध्याकाळी तसंच परत यायचं आणि जेवण होतंय न होतंय तोच खाटेखालून थर्मोकोल ओढायचा. अहो, माणसाला नाद असावा, पण विमानांचा? तीही रिमोटवर उडणारी! दोन विमानं बनवून त्यानं काय दिवे लावले ते अख्ख्या गावानं पाहिलंय. पहिलं मोहाच्या झाडावर जाऊन बसलं ते तिथंच राहिलं. दुसरं शेजारच्या रुपीच्या कोंबड्यांत घुसलं, आणि रुपीचं तोंड काही दिवस असं सुटलं होतं की तुळशीदासची बायको सुनिता मागच्या दारानं पाण्याला जायला लागली.

तिसरं विमान मात्र वेगळं. वर गेलं की बटण दाबायचं, चाकं मागे दुमडून पोटात जातात. उतरताना पुन्हा दाबायचं, चाकं बाहेर. मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून त्यानं ते जमवलं होतं. सुनिता म्हणाली, "आता हे पडेल तेव्हा पाय तरी मोडायचे नाहीत."

घरात त्या वैशाखात निराळंच चाललं होतं. गावचा बोहाडा, देवादैत्यांचे मुखवटे बांधून सोंगं नाचवायचा उत्सव, तोंडावर आला होता आणि तुळशीदासचा बाप, सावळा, खाट सोडत नव्हता. बोहाड्यात रावणाचं सोंग नाचवायचा मान ह्या घराचा. दहा तोंडांचा मुखवटा बांधून सावळा नाचायला लागला की संबळ वाजवणाऱ्याला घाम फुटायचा. यंदा गुडघ्यांनी दगा दिला. सोंग पुतण्यानं, तुकानं, घ्यायचं ठरलं. तुळशीदासला देण्यात अर्थ नव्हता. त्याला ताल कळतो, पण पाय त्याचं ऐकत नाहीत. ठरलं खरं, पण तुका दोनदा दारातून परत गेला तरी म्हाताऱ्यानं मुखवट्यावरची चादर काढली नाही. आणि नुसता मुखवटा नेऊन तरी काय करणार? तो डोक्यावर बसवायचा कसा, भार कुठं ठेवायचा, हे गावात एकट्या सावळ्याला ठाऊक.

"पाय गेले तिथं सोंग गेलं," म्हणायचा आणि भिंतीकडे तोंड करून पडायचा. धड जेवण नाही, धड बोलणं नाही. बाप असाच पडून राहिला तर पुन्हा उठायचा नाही, ह्या भीतीनं तुळशीदासला शाळेतही काही सुचत नव्हतं.

एका रविवारी तो पडवीत विमानाचा तोल बघत बसला होता. पंखांखाली दोन बोटं लावून उचलायचं. नाक झुकता कामा नये, शेपूट झुकता कामा नये. झुकलंच तर आतली बॅटरी पुढंमागं सरकवायची. चाकं मिटायला तो बटणाकडे हात नेतोय तोच मागून आवाज आला.

"पाय राहू दे बाहेर. तोल उभ्यानंच बघायचा असतो."

तुळशीदास दचकला. बा आपणहून बोलला होता!

"सोंग बांधताना काय करतो आपण?" सावळा दारात येऊन टेकला. "पाय रोवतो, मग भार बघतो. पायाशिवाय कसला आलाय तोल?"

आता, चाकं मिटूनच तोल बघायचा, हे तुळशीदासला चांगलं ठाऊक होतं. पण बोलतंय कोण? त्यानं मुकाट्यानं चाकं बाहेर ठेवली, बॅटरी सरकवली. विमान बोटांवर आडवं ठरलं तसा म्हातारा म्हणाला, "हां, आता बसलं." त्या एका "हां"साठी तुळशीदासनं विमान शेपटीकडूनसुद्धा उडवलं असतं.

"बा, तूच तोल बघितलास, आता माळावर चल. उडतं का ते बघ."

"जा हो बाबा," सुनिता म्हणाली. "दोन ह्यांनी एकट्यानं पाडली, तिसऱ्याला सोबत करा."

कुरकुरत, काठी टेकत म्हातारा निघाला. माळावर करवंदं खायला आलेलं निम्मं गाव आयतंच जमलं. विमान धावलं, उठलं, झोकात वर गेलं. तुळशीदासनं बटण दाबलं. चाकं मागे दुमडून पोटात गेली, त्यांच्याबरोबर भारही मागे गेला. नाक वर करून विमान आभाळात चक्क शेपटीवर उभं राहिलं आणि धाडकन करवंदीच्या जाळीत पडलं.

"बरं झालं, कोंबड्या कोंडून आले होते!" रुपी ओरडली. तुका जाळीत शिरून, हात ओरबाडून घेत विमान काढून आणू लागला.

"वारा आला मध्येच," तुळशीदास घाईघाईनं म्हणाला.

"वाऱ्याचं नाव कशाला सांगतोस?" सावळा म्हणाला. "पाय आत गेले तशी बसकण मारली त्यानं. तुला ठाऊक होतं ना?"

तुळशीदासनं खाली बघत मान डोलावली.

"मग बोलला का नाहीस, गाढवा?"

"तू इतक्या दिवसांनी बोललास, बा. तुझा शब्द कसा मोडू?"

 म्हातारा तुळशीदासच्या हाताला धरून दगडावर बसला. "आण ते इकडं. तुझ्या पद्धतीनं कर."

फाटलेल्या पंखाला चिकटपट्टी लागली. तुळशीदासनं चाकं मिटली, विमान पुन्हा बोटांवर घेतलं. शेपूट सपशेल खाली गेली. बॅटरी पुढं सरकवता सरकवता विमान हळूच आडवं झालं. सावळा वाकून बघत होता. ज्यावर उभं राहायचं ते पायच मिटलेले, आणि तरी ते ठरलं होतं.

विमान पुन्हा वर गेलं. चाकं आत गेली. विमानानं माळावरून झोकदार वळण घेतलं, मग दुसरं, मग तुळशीदासला हुरूप आला आणि त्यानं कोलांटीही मारून दाखवली. पोरंसोरं, बायाबापड्या, सगळी ओरडायला लागली. रुपीसुद्धा.

सावळा मात्र ओरडला नाही. मान वर करून बघत राहिला, आणि बघता बघता त्याची काठी दगडावर ताल धरायला लागली. तुळशीदासला ते ऐकू आलं, पण नजर विमानावरून हलवायची सोय नव्हती.

"तुका," म्हाताऱ्यानं हाक मारली, "घरी चल. सोंग बांधतो तुला."

तुका हात पुसत पुढं आला. "काका, पण तुम्हाला उभं राहवेल का?"

"उभं कशाला राहायचं? तू माझ्यापुढं बस, मी बसूनच बांधतो. उठून नाचायचं ते तुझं काम."