मांडीवर तांब्या, समोर वळण

अकोला-अकोट रस्त्यावर मी कोणाच्या बापाचं ऐकत नाही. दोन्हीकडे कपाशी, मधून सरळ रस्ता, स्टेअरिंगवर हात नुसता ठेवायचा. एवढ्याशा भांडवलावर मी स्वतःला पट्टीचा ड्रायव्हर समजत होतो.

माझी धाकटी बहीण चिखलदऱ्याला सरकारी दवाखान्यात नर्स आहे. तिला मुलगी झाली, पण आईने नातीला फोनवरच पाहिलं होतं. घाट म्हटला की आईला गाडी लागते. शेवटी ती म्हणाली, "येईन एक डाव. पन तरास झाला तं पुन्हा माह्यापुढं नाव नका काढू." म्हणजे आजी-नातीची भेट पुढे चालू राहणार की नाही, हे माझ्या गाडी चालवण्यावर ठरणार होतं. मी म्हणालो, "आई, तुले कळनारबी नाही."

परतवाडा सोडला आणि घाट लागला. रस्ता कोरडा ठणठणीत, म्हणून मी पहिल्याच वळणात जोरात घुसलो आणि आत गेल्यावर घाबरून ब्रेक दाबला. पुढच्या वळणात तेच. मग आतल्या बाजूने वळण कापायला गेलो, तर समोरून जीप आली. रस्ताच वाईट बांधलाय, असं मी बोलूनही दाखवलं. नाचता येईना, अंगण वाकडं. आई म्हणाली, "थांबव." ती उतरली, दगडाआड जाऊन ओकली, तोंड धुतलं आणि मागून येणाऱ्या एसटीला हात दाखवून तिच्यात बसली. स्वतःची गाडी असून मागे मी एकटा, आणि पुढे एसटीत माझी आई. अशी आमची वरात वर पोचली.

बहीण कित्येक वर्षं त्या घाटात स्कूटर चालवते. तिने मला नावं ठेवली नाहीत, दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीला आईकडे देऊन मला गाडीत बसवलं, पाण्याने अर्धा भरलेला तांब्या माझ्या मांडीवर ठेवला आणि शेजारी बसली. "दादा, तू वळनात शिरल्यावर ब्रेक दाबून राहिला. आधी दाब, गेर खाली घे, मंग वळ. नजर वळन जिथं संपते तिथं ठेव. अन् पान्यापावसात हेच सारं, पन लय आधी अन् लय हळू." पहिल्याच फेरीत माझी पँट भिजली. चहाच्या टपरीवर उतरलो तर टपरीवाल्याने काही न विचारता संडास कुठे आहे ते दाखवलं. संध्याकाळपर्यंत तांब्यातलं पाणी तांब्यातच राहायला लागलं. माझी इज्जत तेवढी सांडली होती.

निघायच्या दिवशी पाऊस आणि धुकं. एसटीत उभं राहायलाही जागा नव्हती, म्हणून आई नाइलाजाने माझ्या मागच्या सीटवर बसली, हातात प्लास्टिकची पिशवी घट्ट धरून. दगडाच्या बाजूने पाण्याचे ओघळ रस्त्यावर येत होते आणि वळणावळणावर ओला पाला पडला होता. गाडी दुसऱ्या गेरमध्ये ठेवून मी वळण यायच्या खूप आधी हळूच ब्रेक लावायचो, हॉर्न द्यायचो, आपली बाजू सोडायचो नाही आणि वळणात ब्रेकला पाय लावायचो नाही. मागच्या गाड्या हॉर्न वाजवून वाजवून मला शिव्या घालत होत्या. घाला म्हटलं. आरशात आईकडे बघायची माझी हिंमतच झाली नाही.

परतवाड्याच्या गर्दीत गाडी थांबली तेव्हा आई खडबडून जागी झाली. पिशवी उघडत म्हणाली, "घाट कवा येते रे? आधी सांगजो."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आयुष्यात एकदा नीट गाडी चालवली आणि बघणारं एकमेव माणूस झोपलेलं. "आई," मी म्हणालो, "घाट उतरलो आपन."

तिने काचेतून बाहेर दुकानांच्या पाट्या वाचून खात्री करून घेतली. फोन काढला आणि बहिणीला म्हणाली, "पोरीले सांग, आजी पुढल्या महिन्यात पुन्हा येऊन राहिली."