उशीखालचा डबा

वृद्धाश्रमातल्या सिस्टरबाईंना सगळे पाठीमागे ‘कुलूप’ म्हणत, आणि ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. औषधांच्या कपाटाची किल्ली कायम कमरेला. गोळ्यांची ट्रॉली घेऊन निघाल्या, की खिडकी लावायला वळतानासुद्धा आधी ट्रॉली बंद करायच्या. गोळी पोटात जाईपर्यंत समोरून हलायच्या नाहीत. म्हातारी मंडळीही कमी नव्हती. कुणी गोळी गालात दाबून ठेवायचं, कुणी मोज्यात सारायचं, एका आजोबांनी तर कवळीच्या डबीत साठा केला होता. बाईंनी सगळं हुडकून काढलं.

मग कमरेचं हाड मोडल्यावर बाईंची सासूच तिथे राहायला आली. आता काय होतं ते बघायला सगळा मजला टपून बसला.

सासूबाईंकडे पावडरचा एक जुना डबा होता, अंगदुखीच्या गोळ्यांनी गच्च भरलेला. घरी कुणी नुसतं ‘हुश्श’ केलं तरी तो उघडायचा. इथे तो उशीखाली गेला. पहिल्याच दिवशी चादर घालताना तो सुनेच्या हाताला लागला. दुसऱ्या कुणाचा असता तर तिथल्या तिथे जप्त झाला असता. पण भल्याभल्यांना सरळ करणाऱ्या बाईंची सासूपुढे मात्र दातखीळ बसायची. ‘उद्या बोलू’ म्हणत त्यांनी काणाडोळा केला, आणि तो उद्या काही उजाडेना.

शेजारच्या खाटेवर एक निवृत्त कंडक्टरबाई होत्या. हृदयाच्या दुखण्यामुळे त्यांना रक्त पातळ ठेवायची गोळी चालू होती. एका दुपारी सिस्टरबाई दारात आल्या, तर सासूबाईंचा हात कंडक्टरबाईंपुढे, आणि तळव्यावर डब्यातली गोळी. धावत जाऊन बाईंनी ती उचलली.

“अगं, गुडघा ठणकतोय बिचारीचा,” सासूबाई म्हणाल्या. “एका गोळीनं काय होतंय?”

“आई, त्यांच्या औषधावर ही घेतली तर आतल्या आत रक्तस्राव होऊ शकतो. जिवावर बेतलं असतं.”

कंडक्टरबाईंनी हात पांघरुणात घेतला. सासूबाईंचा चेहरा खर्रकन उतरला. त्यांनी सुनेला विचारलं, “डबा ठाऊक होता तुला?”

“हो.”

“मग काढून का नाही घेतलास?”

“तुमची भीती वाटली.”

सासूबाईंनी उशीखालून डबा काढला आणि सुनेच्या हातात ठेवला.

“मला तुझी वाटत होती,” त्या म्हणाल्या. “म्हणून तर लपवला.”