पाठ फिरवून उभा राहिलेला माणूस

तेव्हा संगणकाच्या खोलीत चपला बाहेर काढून जात. माझ्या बातमीदारीचं ते पहिलं वर्ष. चंद्रपूरच्या ज्या कार्यालयात बातमीसाठी माझं जाणं झालं, तिथे जिल्ह्याचे सातबारे एका सर्व्हरवर होते. मूलहून आलेला तंत्रज्ञ डेटाबेससोबत आयत्या आलेल्या प्रोसिजर, म्हणजे तयार आज्ञावल्या, बंद करत होता. त्यांच्या आडून कोणी मशीनला हुकूम दिला असता, तर नोंदी पुसल्या गेल्या असत्या. दरवेळी तो आधी नोंदी सांभाळणाऱ्या बाईंना विचारी, "बाई, हे लागते का?"

"माझ्यासाठी एक चालू ठेवा," कार्यालयाचे साहेब म्हणाले.

"साहेब, तुमचा पासवर्ड चहावाल्यालेबी पाठ आहे."

त्याने तीही बंद केली.

शेवटी त्याने मुख्य पासवर्ड बाईंना बदलायला लावला आणि स्वतः पाठ फिरवून उभा राहिला.

"काऊन?" बाईंनी विचारलं.

"काम झालं. आता मीबी बाहेरचाच."

बातमीदारीत पुढे पुष्कळ अधिकारी पाहिले. हातातला अधिकार असा सोडून, चपला घालून बस पकडायला निघालेला तो एकटाच.