शेडमागचं दुसरं इंजिन

माझं काम बॉयलर तपासायचं. चाकणच्या कारखान्यांतले, भोसरीच्या रंगाच्या युनिटांतले. सरकारी निरीक्षक येण्याआधी मालक आम्हाला बोलावतात, दोष असला तर आधीच कळावा म्हणून. या कामात कुणाचं बोलणं जसंच्या तसं धरून चालत नाही. "कालच साफ केलाय मॅडम" असं छातीठोक सांगणाऱ्याच्या बॉयलरमधून मी तळहाताएवढ्या क्षाराच्या खपल्या काढल्या आहेत. ही सवय घरीही सुटत नाही. माझा नवरा हिंजवडीत नोकरी करतो. तो म्हणतो, तू बाजारात दुधी भोपळासुद्धा ठोकून घेतेस.

चाकणच्या पुढे डोंगराच्या कडेला एका शेठनी आपल्या जमिनीवर पर्यटनाचं ठिकाण काढलं होतं. घराणं तिथलं जुनं, शेती करणारं. अर्धी जमीन कंपन्यांना गेली, उरलेल्या आमराईभोवती त्यांनी अरुंद रूळ टाकले आणि एका बंद पडलेल्या साखर कारखान्यातून वाफेचं छोटं इंजिन आणलं. पूर्वी ते उसाच्या वाघिणी ओढायचं. आता मागे दोन रंगीत डबे, त्यांत रविवारी मारुंजी-हिंजवडीकडून येणारी कुटुंबं. एक हंगाम ते चाललं. दुसऱ्या हंगामाच्या आधी शेठचा मला फोन आला.

"मॅडम, आमचं इंजिन एकदा बघून घ्या. पोराबाळांचा मामला हाय."

मला बरं वाटलं. मालक आपण होऊन पोरांची काळजी करतो, हे रोज ऐकायला मिळत नाही.

मी दापोडीहून सकाळीच निघाले, तरी हायवेच्या ट्रॅफिकनं ऊन चढेपर्यंत अडकवलं. शेडमध्ये इंजिन थंड उभं होतं. काळं, बुटकं, पितळेचा घुमट आरशासारखा घासलेला. त्याच्याशेजारी उलट्या बादलीवर ड्रायव्हरकाका बसले होते. साठीच्या पुढचे, नगरकडचे. कारखान्यात हेच इंजिन चालवायचे, आणि इंजिन इकडे आलं तसे तेही आले. मी बॅग ठेवली तेव्हा ते उठले नाहीत.

"हिला काय बी झालेलं न्हाय," ते म्हणाले. मी अजून काही विचारलंही नव्हतं.

मी धुराच्या नळ्या बघितल्या, प्लेटची जाडी मोजली. सगळं अपेक्षेपेक्षा चांगलं होतं. पण काका माझ्यामागून फिरत होते, आणि मी भट्टीच्या डाव्या बाजूला गेले की माझ्या पुढे यायचे. एकदा तेलाचा डबा घ्यायला, एकदा फडकं घ्यायला. तिसऱ्या वेळी म्हणाले, "चला, आधी चहा घेऊ."

"मी काम झाल्यावर घेते, काका."

मी वाकून पाहिलं. घुमट सोडला तर सगळ्या इंजिनावर धुळीचा थर होता, फक्त भट्टीचा खालचा डावा कोपरा नवा काळाभोर. नखानं दाबलं तर रंग अजून मऊ होता.

"इथेच रंग का मारला?"

"गंज चढू नये म्हून."

"गंज काय इथेच चढतो?"

काकांनी फडकं खांद्यावर टाकलं. दूर जाऊन पुन्हा बादलीवर बसले. रंगाखाली काय असणार, याचा मला अंदाज होता. भट्टीची आतली आणि बाहेरची प्लेट एकमेकींना धरून ठेवायला जाड बोल्ट असतात, त्यांना स्टे म्हणतात. ते सैल झाले की पाणी पाझरतं आणि बाहेर पांढरा ओघळ उमटतो. माणूस लपवतो तो हा ओघळ. माझ्या मनात काकांचा निकाल लागून गेला होता. शेठ भला माणूस, ड्रायव्हर लबाड.

दुपारी शेठनी जेवायला बसवलं. पिठलं, भाकरी, ठेचा. आग्रह करकरून वाढत होते.

"मॅडम, एकदम कडक तपासा. कुणाची भीडभाड ठेवू नका."

"हो, तसंच करते."

"आन् नापास झालं तरी आमाला राग न्हाई यायचा. बिनधास्त लिहा."

माझा घास हातातच राहिला. इतकी वर्षं मी हे काम करते. मालकांनी मला विनवलं आहे, धमकावलं आहे, दिवाळीला मिठाईचे खोके पाठवले आहेत, सगळं पास व्हावं म्हणून. नापास झालं तरी चालेल, असं म्हणणारा मालक मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. शेठ माझ्या पानात आणखी ठेचा वाढत होते आणि माझ्याकडे बघत नव्हते.

हात धुवायला मी शेडच्या मागे नळावर गेले. भिंतीला लागून ताडपत्रीखाली काहीतरी मोठं झाकलेलं होतं. मी आजूबाजूला पाहिलं आणि ताडपत्रीचं टोक उचललं. आत दुसरं इंजिन होतं. फायबरचं, लाल-हिरवं, पुढे चिमणी. खाली बॅटऱ्या ठेवायची चौकट, आणि चिमणीत लग्नाच्या वरातीत डीजेवाले लावतात तसलं धुराचं यंत्र. चाकांवर अजून प्लॅस्टिक गुंडाळलेलं होतं.

मी तडक काकांकडे गेले. "मागे ते काय आहे?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी नाटक करतेय.

"तुमाला ठावं न्हाय?"

"नाही."

"तुमी त्याच्यासाठीच आलाय ना? शेठनं तुमाला नापास करायलाच बोलावलंय. बॅटरीचं सोस्त पडतं, पन लोकांनी नावं ठेवू नयेत म्हून कागूद पायजे. तुमचा कागूद झाला की हिला गेटवर उभी करायची, झेंडूच्या माळा घालून. न्हायतर भंगारात. आमच्या कारखान्यात अशाच सात-आठ व्हत्या. एक साहेब आला, नापास म्हणाला, आन् गॅस कटर लागला. ही तेवढी मागच्या साईडिंगच्या रुळावर व्हती म्हून वाचली."

म्हणजे सकाळपासून मी या माणसावर डोळा ठेवून होते आणि तो माझ्यावर.

"काका, कोपरा पाझरतो ना?"

त्यांनी कोपऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "थोडा."

"आणि त्याच इंजिनावर तुम्ही लहान पोरं बसवणार होता?"

"थोडाच पाझरतो. मी रोज बघतो."

त्यांची बाजू कळली म्हणून माझा राग गेला नाही. उलट दोघांवरही राग आला. एकाला दोष लपवायचा होता, दुसऱ्याला तो वापरायचा होता, आणि दोघांच्या मध्ये मी होते.

पुढच्या आठवड्यात पाण्याची चाचणी घेतली. बॉयलर थंड असताना काठोकाठ पाण्यानं भरायचा आणि हातपंपानं दाब चढवायचा. नेहमीपेक्षा जास्त दाबाला जो टिकतो, तो वाफेला टिकतो. शेठ खुर्ची टाकून बसले. काका पंप मारत होते. कोपऱ्यावरचा रंग मी आधीच खरवडून घेतला होता. दाबाचा काटा चढत गेला आणि स्टेच्या डोक्यांवर थेंब दिसायला लागले. एक, मग शेजारचा, मग खालची ओळ. काकांनी पंप सोडला आणि खांद्यावरचं फडकं घेऊन पुढे आले.

"फडकं खाली ठेवा," मी म्हणाले.

त्यांनी ठेवलं. आम्ही तिघंही काटा उतरताना बघत राहिलो.

"म्हंजे नापास," शेठ उठले. त्यांच्या आवाजात समाधान लपत नव्हतं.

"आज नापास. खालच्या ओळीतले स्टे बदलायला लागतील. बाकी नळ्या, प्लेटा ठणठणीत आहेत. काम केलं तर हे इंजिन अजून खूप वर्षं चालेल."

"ते खरं, पण लिहिताना एवढं सगळं कशाला लिहायचं? नापास झालं, बास."

"शेठ, दिसलं ते सगळं लिहिते मी. अर्धं लिहीत नाही."

शेठ हसले, पण मला फाटकापर्यंत सोडायला आले नाहीत. काका इंजिनापाशी पाठ करून उभे होते. त्यांनी बहुतेक 'नापास' एवढाच शब्द ऐकला होता. परतताना पुलाखालच्या सिग्नलला मी विचार करत होते, की हे पाझरणं आपोआप झालं की कुणी करवलं? स्टेची डोकी जुनीच झिजलेली होती, कुणाच्या पान्याची खूण नव्हती. मी स्वतः पाहिलं होतं. तरी शंका आलीच.

मग काही महिने कुणाचाच फोन नाही. मी मनात धरून चालले, की इंजिन कापलं गेलं. एकदा त्या रस्त्यानं जाताना मुद्दाम गाडी हळू केली. गेटवर इंजिन नव्हतं. माळाही नव्हत्या. त्यावरून मी वाईटच अर्थ काढला.

मग एक दिवस शेठचाच फोन आला.

"मॅडम, पुन्हा या. स्टे बदललेत. भोसरीतल्या एका वर्कशॉपनं केलं काम."

"आणि ते दुसरं इंजिन?"

"चालवलं ना आमी. लोकं एकदा बसतात, फोटो काढतात, परत कुणी येत न्हाई. एक पोरगं तर माझ्या तोंडावर म्हणालं, हा डीजेचा धूर हाय."

मला हेही लगेच खरं वाटलं नाही. वर्कशॉपनं जुन्याच स्टेंवर वेल्डिंग मारून रंग दिला असेल, असं धरूनच मी गेले. प्रत्येक डोकं वाजवून पाहिलं, जाडी मोजली, पाण्याचा दाब चढवला. काटा जागचा हलला नाही. मी मुद्दाम जास्त वेळ थांबले. तरी हलला नाही. पुढे सरकारी निरीक्षकांनीही पास केलं.

पहिल्या रविवारी शेठनी मला बोलावलं. डबे भरले होते, पोरं खिडक्यांतून किंचाळत होती. काकांनी वरूनच हात पुढे केला. मी चढले. आत भट्टीची धग, तेलाचा वास, आणि दोघांपुरतीच जागा. त्यांनी लीव्हर ओढला तसं इंजिन एक श्वास घेऊन पुढे सरकलं आणि आमराई हळूहळू मागे जायला लागली. माझी नजर पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचनळीवरून ढळत नव्हती. वळण आलं, चढ आला, मी तिथेच बघत होते.

"मॅडम, झाडं बी बघा," काका म्हणाले.

"तुम्ही पुढे बघा."

ते हसले. मीही हसले, पण काचनळीकडे बघतच.

अजून दरवर्षी मी तिथे तपासणीला जाते. काका आता थकलेत, तरी सकाळी भट्टी तेच पेटवतात. मी बॅग उघडायच्या आधी ते जवळ येतात आणि हळू आवाजात विचारतात, "शेठनं काय सांगितलंय तुमाला?"

"काही नाही, काका. तपासा म्हणाले."

ते मान हलवतात. पटलं म्हणून नव्हे. मग बादली ओढून माझ्या अगदी शेजारी बसतात आणि मी जिथे जिथे हात लावते, तिथे तिथे बघत राहतात.