विकायचं नसलेलं घर

नव्या भिंतीवर तळहाताने दोन थापा मारायच्या, मान वाकडी करायची आणि समोरच्या गिऱ्हाइकाला सांगायचं, "हाई घर विकानं नही शे, भाऊ. बायकोसाठी बांधेल शे." ही त्याची रीत. पंधरा दिवसांत ते घर विकलेलं असे.

पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या सोसायटीत तो सटाण्याकडून आला. गवंडीकाम करता करता बिल्डर झालेला. मी सोसायटीचा सेक्रेटरी, नोकरी ओझरच्या कारखान्यात. आम्ही कामगारांनी मिळून जमीन घेतली, प्लॉट पाडले आणि पहिल्याच सभेत ठराव केला: तळमजला आणि वर एक, त्याहून उंच कोणी बांधायचं नाही. सगळ्यांना ऊन मिळावं, बोअरचं पाणी पुरावं, एवढाच हेतू. नव्वद साल नुकतंच उलटलं होतं. तो ठराव आम्हाला दगडावरची रेघ वाटायचा.

ज्यांना बांधायला जमलं नाही त्यांचे प्लॉट हा घेत गेला. गिऱ्हाईक नसताना बंगला उभा करायचा आणि ते मिळेपर्यंत स्वतः बायकोपोरांसह त्यात राहायचं. "राहत्या घराला भाव येतो, बंद घराला वास येतो," असं तो म्हणे. खिडकीला पडदे, दारात तुळस, आत पोळ्यांचा खमंग वास. मुंबईकर किंवा निफाडचा बागायतदार बघायला आला की विरघळायचा. त्यात हा म्हणणार, विकायचं नाही. असा लबाड माणूस तुम्हीही पाहिला असेल, पण त्याच्याइतका हसतमुख नसेल.

पाच वेळा त्यांचं सामान हातगाडीवरून एका फाटकातून दुसऱ्या फाटकात गेलेलं मी पाहिलं. बायकोने शेवटी खोकी उघडायचंच सोडलं. माझ्या पत्नीने विचारलं तर म्हणाली, "कशाले उघाडू, ताई? परत बांधनंच शे." तिला एकच हवं होतं, जिथून उठावं लागणार नाही असं घर.

मी त्याला पाण्यात पाहायचो. रविवारी सकाळी मिक्सरची घरघर, रस्त्यावर वाळूचे ढीग, आणि वर सभेत उभं राहून ठराव बदला म्हणून आरडाओरडा. "घरं म्हणजे काय भाजीपाला आहे?" मी एकदा भर सभेत विचारलं. तो म्हणाला, "सेक्रेटरीभाऊ, तुम्ही ऊन मोजत बसा. मी घरं बांधतो." लोक हसले. जमिनीचे भाव चढले तसे निम्मे सभासद त्याच्या बाजूला गेले. कंपनीच्या बसमध्ये वीस वर्षं माझ्या शेजारी बसणारा मित्र मागच्या सीटवर जाऊन बसू लागला.

त्याच दिवसांत आमच्या न्हाणीघराचा स्लॅब गळायला लागला. हा न बोलावता आला. बनियनवर दिवसभर खपला, मजुरी घेतली नाही. मी अवघडून उभा. तर म्हणतो, "भांडन सभेत, भाऊ. गळतीशी आपलं काय वैर?" त्या दिवशी मला तो आवडला होता, हे आता कबूल करतो. तेव्हा केलं नाही.

मग त्याने माझ्याच मागच्या प्लॉटवर सहावं घर काढलं. दोन मजले झाले आणि वर तिसऱ्याचे कॉलम निघाले. मी पालिकेत अर्ज दिला, काम थांबवलं आणि खास सभा बोलावली.

तो उभा राहिला. थापा मारायला जवळ भिंत नव्हती. हळू आवाजात म्हणाला, "हाई घर खरंच विकानं नही शे. खाली आम्ही राहू. तिसऱ्यावर हिचे मायबाप येतील, गावाला त्यांचं कोणी नाही."

सगळी सभा खो खो हसली. त्याच्या बाजूचेही हसले. "सहाव्यांदा ऐकतोय," असं मी म्हणालो आणि सगळ्यांत मोठ्याने हसलो. तो एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिला, मग बसला. तिसऱ्या मजल्याचे कॉलम पाडेपर्यंत पाण्याचं कनेक्शन नाही, असा ठराव एकमताने झाला.

जवळचं सगळं त्याने त्या घरात घातलं होतं. काम अडलं तसा तो अडला. मुंबईच्या एका निवृत्त जोडप्याला आहे तसं घर विकून, सामान ट्रकमध्ये भरून, बायकोपोरांना घेऊन तो सटाण्याला परत गेला. निरोप द्यायला मी बाहेर पडलो नाही. ठराव योग्यच होता, असं मी आजही म्हणतो. माझ्या अंगणात ऊन येतं.

नव्या मालकांनी वरचे कॉलम पाडले आणि वास्तुशांतीला मला आवर्जून बोलावलं. मालकीणबाई उंच, धिप्पाड. घर दाखवत स्वयंपाकघरात घेऊन गेल्या.

"बघा हो, इतका खाली ओटा कोणी बांधतं का? चार दिवसांत माझी पाठ मोडली."

ओटा माझ्या मांडीपर्यंत येत होता. फळ्याही तशाच, खाली लावलेल्या. त्याची बायको माझ्या पत्नीच्या खांद्यालाही लागत नसे. आधीच्या पाचही घरांत ती ओट्यापुढे पाट ठेवून, त्यावर उभी राहून पोळ्या लाटायची. त्या घरांतले ओटे गिऱ्हाइकांच्या उंचीचे होते.

"हा फोडून उंच करून घ्यायचा म्हणतोय," बाई म्हणाल्या. "त्याला सोसायटीची परवानगी लागते का?"

"नाही," मी म्हणालो. "आतल्या कामाला नाही लागत."