सुलभाची जागा

आमच्या पंथात कुणी वारलं, की प्रार्थनेच्या रांगेत त्याची जागा महिनाभर रिकामी ठेवतात. सुलभाचा खून होऊन आठच दिवस झाले होते, तरी बायका सरकून बसू लागल्या. पंथाबाहेर लग्न ठरवणाऱ्या मुलीसाठी जागा कशाला, असं वाटलं असावं.

"सरक की गं! कॉलेजात जाऊन बहिरी झालीस?" काकू म्हणाली.

मी सरकले नाही. हातभर रिकाम्या फरशीची एवढी भीती का वाटावी? कदाचित मलाही वाटत होती. खून झाला त्या दुपारी सुलभाला तिच्या मामाच्या गाडीवर बसताना मी पाहिलं होतं; पोलिसांना मात्र सगळ्यांसारखं "काही पाहिलं नाही" म्हणाले होते.

प्रार्थना संपल्यावर चौकीत गेले.

"मागे खोटं बोलले," मी हवालदारांना म्हटलं. "आता लिहून घ्या."